ग्रीसमधली स्वस्त पोर्शे आणि माझे 7,950 युरो

कर्जात बुडालेल्या देशातून महागडी गाडी निम्म्या किमतीत मिळते, असे कोणी सांगितले, तर त्यातले अर्धे खरे असते, आणि गंडा घातला जातो तो त्या खऱ्या अर्ध्याच्या जोरावर. 2015च्या जुलैमध्ये, जर्मनीत नोकरीला असताना, मी थेसालोनिकीतील एका तथाकथित मालकाला पोर्शे कायेनसाठी एकूण 7,950 युरो पाठवले. तेव्हाच्या दराने साडेपाच लाखांहून अधिक रुपये. गाडी आली नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

मला हावरट म्हणणाऱ्यांनी तेव्हाची परिस्थिती आठवावी. ग्रीसमध्ये 1,929 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर चैनीचा कर बसला होता, आणि दारात गाडी उभी असली की करखाते तिच्यावरून मालकाचे उत्पन्न गृहीत धरत असे. त्यामुळे कित्येकांनी नंबरप्लेट कर कार्यालयात जमा करून गाड्या नुसत्या उभ्या ठेवल्या होत्या, आणि अनेक चांगल्या गाड्या खरोखरच पडेल भावात परदेशी गेल्या. त्या देशात 50,000 युरोंहून अधिक उत्पन्न जाहीर करणाऱ्यांपेक्षा कायेन गाड्याच जास्त आहेत, हा दावा तर वर्तमानपत्रांतून सर्वत्र फिरला होता. तो निराधार असल्याचे दाखवून दिले गेले, पण तोवर तो सर्वांच्या डोक्यात बसला होता. अशा वेळी 19,800 युरोंची किंमत पाहून कोणाला शंका आली असती?

29 जूनपासून ग्रीक बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला 60 युरोच मिळत होते. सायप्रसमध्ये 2013 साली बड्या ठेवींना कशी कात्री लागली, हेही सर्वांना ठाऊक होते. म्हणून इसाराचे 5,940 युरो माझ्या मेहुण्याच्या पोलंडमधील खात्यात भरा, ग्रीसमध्ये ते अडकून पडतील, असे त्या तथाकथित मालकाने सांगितले, तेव्हा मला ते पटले. खरा मालकही हेच बोलला असता! विकणारा एका देशातला आणि खाते दुसऱ्या देशातले असेल, तर कारण कितीही पटण्यासारखे असो, व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

मात्र एका कागदाची आठवण अजूनही मला जाळते. नंबरप्लेट जमा केल्यामुळे फोटोंत ती नव्हती. पण त्याने पाठवलेल्या आरसीच्या प्रतीवर गाडीचा नंबर ठळक छापलेला होता आणि त्यातले दुसरे अक्षर ‘डी’ होते. ग्रीसमध्ये खासगी गाड्यांच्या नंबरांत ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी 14 अक्षरेच वापरतात, आणि त्यांत ‘डी’ नाही. तो कागद मी मोठा करून पाहिला होता, शिक्का तपासला होता, चॅसी नंबरही टिपून घेतला होता. पण एमएच-12 पाहून पुण्याची गाडी ओळखणाऱ्या माणसाला ग्रीक नंबरप्लेटची अक्षरे कशी ठाऊक असणार? तुम्ही मात्र चॅसी नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा, आणि गाडीवर कर्जाचा बोजा नाही याचा दाखला मागा.

पुढे एका वाहतूक कंपनीच्या नावाने, तिची वेबसाइटही बनावटच, 1,150 युरो आणि नंतर ‘परत मिळणारी’ विमा अनामत म्हणून 860 युरो उकळले गेले.

खरा संताप पुढचा आहे. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, आणि खातेदाराचे नाव जुळते का हे पाहणे आमचे काम नाही. म्हणजे नावाच्या रकान्यात मी काहीही लिहिले असते, तरी पैसे गेलेच असते! ही पडताळणी युरो क्षेत्रातील बँकांना बंधनकारक झाली ती ऑक्टोबर 2025मध्ये. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण खाते पोलंडमधले म्हणून हात वर केले. ग्रीसमधून उत्तर आले की पैसे जर्मनीतून गेले, तेव्हा तक्रारही तिथेच करा. अखेर सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे पत्र आले: आरोपीचा शोध न लागल्याने तपास बंद करण्यात येत आहे. खाली छापले होते की हे पत्र संगणकावर तयार झाल्यामुळे सहीची आवश्यकता नाही. खात्याचा क्रमांक, ईमेल, फोन, सगळे मी त्यांच्या हाती दिले होते. याहून अधिक काय हवे होते, आरोपीला धरून आणून उभा करायला हवा होता काय?

यानंतर तुम्हालाही एखादी ‘वसुली कंपनी’ पत्र पाठवून, तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत, फक्त 400 युरो शुल्क भरा, असे कळवील. मला तसे पत्र आले आणि त्यात माझी 7,950 ही रक्कम अचूक लिहिलेली होती. ती ठगांखेरीज आणखी कोणाला ठाऊक असणार? अशा पत्राला उत्तरसुद्धा देऊ नये.