ब्रेकची काळी भुकटी कशाने काढावी: आयर्न रिमूव्हर की ब्रेक क्लीनर?

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीला चहाला थांबलं की पुढच्या रिमवर बोट फिरवून बघायची मला खोड आहे. बोट काळंकुट्ट होतं. मागच्या चाकांवर तेवढं नसतं, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढच्या ब्रेकना जास्त राबावं लागतं. शिवाय आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम ब्रेक असतात, म्हणजे बंद डब्यासारखे. त्यांची भुकटी आतच कोंडून राहते.

ही भुकटी रस्त्यावरच्या धुळीसारखी नाही. चाकासोबत फिरणारी डिस्क बिडाची असते आणि ब्रेक दाबला की तिला घासणाऱ्या पॅडमध्येही बऱ्याचदा पोलादाचे तंतू असतात. घासताना दोन्हींचे तापलेले बारीक कण उडतात आणि रिमवर जाऊन बसतात. मग गोव्याची हवा कामाला लागते. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा दमटपणा. कण गंजतात, फुगतात, रिमच्या वरच्या थरात रुततात आणि काळ्याचे तांबूस ठिपके होतात. सावर्डे-कुडचडे पट्ट्यातली खाणीची लाल धूळ दिसायला भयंकर असली तरी शांपूने निघते. हे ठिपके निघत नाहीत, आणि प्रश्न त्यांचाच आहे.

दुकानात गेलात तर दोन वस्तू पुढे येतील, आयर्न रिमूव्हरची बाटली आणि ब्रेक क्लीनरचा डबा. दोन्हींवर चकचकीत चाकाचं चित्र असतं, त्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरं घेऊन येतात. मीही आणलं आहे.

आयर्न रिमूव्हर लोखंडाशी रासायनिक क्रिया करतो. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. लोखंड भेटलं की ते जांभळं होतं आणि कण सुटून पाण्यासोबत वाहू लागतो. पहिल्यांदा मारलं तेव्हा रिममधून रक्त यावं तसे ओघळ पाहून आमची आई अंगणातून आत पळाली होती. वास मात्र उग्र. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या द्रावणात याच घराण्यातलं रसायन असतं, म्हणजे वासाची कल्पना येईल. चांगल्या रिमूव्हरचा पीएच सातच्या आसपास असतो, म्हणजे तो आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, त्यामुळे रंगवलेल्या किंवा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) असलेल्या अलॉयला, म्हणजे मिश्रधातूच्या रिमला तो सोसतो. आधी शांपूने चाक धुवायचं, मग सावलीत, थंड चाकावर फवारायचं, तीन-चार मिनिटं ठेवायचं, मऊ ब्रशने हलवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. गोव्यातल्या एप्रिलच्या उन्हात हे केलंत तर तो दोन मिनिटांत वाळतो आणि स्वतःचेच डाग सोडतो. ठिपके जुने असतील तर एकदा मारून भागत नाही, दोनदा मारा. पण ग्रीस, डांबर किंवा तेलकट चिकटा असेल तर हा बापडा काही करू शकत नाही. त्याला फक्त लोखंड कळतं.

ब्रेक क्लीनरचं उलटं आहे. तो सॉल्व्हंट आहे. तेल, ग्रीस, सांडलेलं ब्रेक ऑइल विरघळवतो, जोराच्या फवाऱ्याने सुटी भुकटी ढकलून देतो आणि काही न सोडता उडून जातो. हे ‘काही न सोडता’च महत्त्वाचं. डिस्कचा चेहरा, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट, पॅड बसायच्या खाचा, जिथे तेलाचा अंशही नको तिथे हाच हवा. रिमवरचे रुतलेले ठिपके मात्र त्याने हलत नाहीत. उलट रंगावर आणि प्लॅस्टिकवर पडला तर चमक घालवतो. कॅलिपरच्या रबरी बुटांवरही (धूळ अडवणाऱ्या आवरणांवर) भिजवून ठेवू नका.

डब्यावरचे बारीक अक्षर वाचाच. यात दोन जाती आहेत. टेट्राक्लोरोएथिलीनवाला पेट घेत नाही, पण वाफ विषारी. त्याने पुसलेल्या ओल्या भागाला वेल्डिंगचा जाळ लागला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. दुसरा ॲसिटोन, हेप्टेन वगैरेंचा. तो भुरकन पेटतो, म्हणून डिस्क थंड हवी आणि शेजारी सिगारेट नको. घरी वापरायला मी दुसरा घेईन, दारं उघडी टाकून आणि हातमोजे घालून.

आता तिसरा उमेदवार, रॉकेल. चवथीआधी गावी जायच्या गडबडीत मी गाडी एका गॅरेजात दिली. पोराने प्रेमाने कॅलिपर रॉकेलने लखलखीत करून दिला. फोंड्याच्या सर्कलपर्यंत येईतो ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. उजवे पॅड तेल प्यायले होते. पॅड सच्छिद्र असतात. एकदा तेल मुरलं की धुऊन उपयोग नाही, बदलावेच लागतात, आणि तेही दोन्ही बाजूंचे. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, गंज सोडवायचे तेलकट स्प्रे हे सगळे याच जातीचे. रॉकेलने ब्रेकचं रबरही फुगतं. स्वस्तातला हा उपाय सगळ्यांत महाग पडला.

ॲसिडवाल्या व्हील क्लीनरबद्दल एवढंच: काम झटकन करतो, पण उघड्या ॲल्युमिनियमवर पांढुरके चट्टे पाडतो. ते परत जात नाहीत.

मग घ्यायचं काय? गाडीला अलॉय आहेत, ब्रेक नीट लागतात आणि फक्त ठिपक्यांनी जीव खाल्लाय, तर आयर्न रिमूव्हर घ्या. वर्षातून दोन-तीनदा पुरे, अर्धा लिटर बराच काळ जातो. एरवी पंधरवड्याला शांपू. चाक काढून पॅड बदलताय, ब्रेक कुरकुरतोय किंवा कॅलिपरजवळ काही सांडलंय, तर ब्रेक क्लीनर. तो बचत करू देत नाही, दोन चाकांतच डबा हलका होतो. स्टीलच्या रिमवर प्लॅस्टिकचं व्हीलकॅप असेल तर दोन्हींवर पैसे घालवू नका, कॅप काढून साबण-ब्रश मारा. डिस्कवर रात्रीत चढलेली नारिंगी गंज बघून घाबरून काही विकत आणू नका. ती पहिल्या चार ब्रेकांत जाते.

घाटातून वारंवार येजा असेल तर पुढच्या वेळी सिरॅमिक पॅडची किंमत विचारून बघा. महाग असतात, पण त्यांची भुकटी कमी आणि फिकट असते. आणि चोर्ला उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनलाच थोडं रोखू द्या, तो उपाय फुकट आहे. युरोपने युरो 7 नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाही मर्यादा घातली आहे, पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक मोटारींना किलोमीटरला 7 मिलीग्रॅम. म्हणजे हे कण श्वासात जाणं बरं नव्हे. तेव्हा कोरडी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून नाकातोंडात घेऊ नका. जुन्या लायनरांत, म्हणजे ड्रममधल्या घासणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टसही असायचं. आधी ओली करा, मगच पुसा. ड्रम उघडाल तेव्हा तर नक्कीच.

धुवायची जागा विहिरीपासून लांब निवडा. जांभळं पाणी जांभ्यात झिरपायला वेळ लागत नाही.

धुऊन झालं की लगेच हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. पावसात तर मागचे लायनर दोन दिवसांत ड्रमला चिकटतात. गल्लीत एक फेरी मारून हळूहळू ब्रेक दाबत डिस्क वाळवा. मग गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली चिऱ्याचा तुकडा सारा.