अप्पांची फाइल मोबाइलमध्ये: आठ महिन्यांनंतर

आमचे अप्पा १९९८ साली तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माजी सैनिकांच्या उपचारांसाठीची ईसीएचएस योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनची त्यांची सगळी दुखणी एका निळ्या रेक्झिनच्या फाइलमध्ये आहेत: रेफरल, डिस्चार्ज समरी, औषधांच्या चिठ्ठ्या. गेल्या पावसाळ्यात फाइल भिजली आणि मी सगळं मोबाइलवर आणायचं मनावर घेतलं. सरकारी आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी आभा नंबर काढला, आरोग्य-नोंदींचं एक अ‍ॅप घेतलं. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारीच जास्त आहेत.

आधी आवडलेली गोष्ट. आपली नोंद त्या त्या रुग्णालयाकडेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना हवी असली की मोबाइलवर विनंती येते. कुठल्या तारखांची, कुठल्या प्रकारची, कधीपर्यंत, हे बघून मंजुरी द्यायची. अप्पा म्हणाले, "पहाऱ्यावरच्या संत्रीसारखं आहे की गं. विचारल्याबिगर आत सोडत नाही."

पण आमच्या घरी संत्रीनं अप्पांनाच अडवलं. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख लावली १ जून १९५४. तीच फौजेत गेली. आधारवर साल पडलं १९५६. एका रुग्णालयात नोंद जुन्या सालावर, जुन्या मोबाइल नंबरवर. ती आभाला जोडायला गेले तर जुळेचना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आधार दुरुस्त करून आणा." मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस होते.

ओटीपीचं तर विचारूच नका. आधारला नंबर धाकट्या भावाचा, आणि तो पुण्याला. तो फोनवर आकडे सांगतोय, अप्पा हट्टाने स्वतःच टाइप करतायत. १०५ मिलिमीटरच्या तोफांशेजारी उमेदीची वर्षं काढलेला माणूस. त्यांना सातचं आठ ऐकू येतं. तीनदा चुकलं. शेवटी डॉक्टरांनी तोंडीच विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" अप्पांचं उत्तर: "एक पांढरी, एक गुलाबी." त्यातली पांढरी रक्त पातळ करायची होती. मी सोबत होते म्हणून सांगता आलं.

माझा खरा राग वेगळाच आहे. फौजेत माणसाची तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. त्यातला एच म्हणजे श्रवण. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांत डाव्या कानाची सगळी नोंद आहे. मी त्यांचे फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकले, तर १९९८ चा कागद यंदाच्या तारखेखाली जाऊन बसला. तारीख बदलायची सोयच नाही. वर ते नुसतं चित्र. 'कान' असं शोधलं तर काही सापडत नाही. निवृत्त सैनिकांसाठी असं काही बनवणाऱ्यांनी नोकरीतल्या वर्षांचा वेगळा कप्पा आधी करावा. शरीराची निम्मी गोष्ट तिथेच घडलेली असते.

अमेरिकेत २०१० पासून माजी सैनिकांना 'ब्लू बटन' दाबून आपली नोंद उतरवून घेता येते. तिथेही सगळं आलबेल नाही म्हणा. २०२० मध्ये स्पोकेन शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुरू केलेली नोंदींची नवी संगणक प्रणाली पुढच्या रुग्णालयांत नेणं २०२३ मध्ये थांबवावं लागलं. पण ते बटन मला हवंय.

अ‍ॅप काढून टाकलेलं नाही. रक्ताचे रिपोर्ट त्यात बरे सापडतात. पाचपैकी अडीच. निळ्या फाइलला मात्र नवं प्लास्टिक घातलंय आणि पहिल्या पानावर जाड स्केचपेननं लिहिलंय: 'रक्त पातळ करायची गोळी चालू. उजव्या बाजूनं बोला, मोठ्यानं.'