होमी भाभा की खोडद? नववीच्या वर्गासाठी एका विज्ञान शिक्षकाचं मत

शाळा सुरू झाल्या की आसपासच्या शाळांतले नवे विज्ञान शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: सर, यंदा नववीला होमी भाभा स्पर्धेला बसवू, की तेवढ्याच पैशांत आणि शनिवारांत एखादी धड विज्ञान सहल काढू? दोन्ही करा, असं सांगायला काय जातं! पण ज्या शाळेत विज्ञानाला एकच शिक्षक आहे, प्रयोगशाळेला परिचर नाही आणि दहावीचे जादा तास पावसाळ्यातच सुरू होतात, तिथे दोन्ही नीट होत नाही. आमची शाळा त्यातलीच. आम्ही वेगवेगळ्या वर्षी दोन्ही करून पाहिलं आहे. पुढे जे लिहितोय ते तेवढ्याच अनुभवावर. शहरातल्या मोठ्या शाळेला ते लागू पडेलच असं नाही.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीलाच असते, हे तुम्हाला माहीत असेलच. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, शेवटी मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. लेखीबद्दल माझं काही म्हणणं नाही; हुशार मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचं वाचायला लावते, बस्स. प्रात्यक्षिकाची फेरी मात्र मला मनापासून आवडते. आमच्याकडे नववीतल्या मुलाने ब्युरेट हातात धरलेली नसते. सर टेबलापाशी करून दाखवतात, मागच्या बाकावरची मुलं माना उंचावून बघतात. या फेरीची तयारी म्हटली की मुलाला स्वतः मोजावं लागतं, द्रावण सांडावं लागतं, पुन्हा करावं लागतं. त्या काळात मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली मागायला मुलं रांग लावतात. शिक्षकाला याहून दुसरं काय हवं?

या फेरीसाठी घरपोच साहित्याची पेटी आणि सुट्टीतले शिकवणी वर्ग निघालेत, तेही खरं. एका वर्गात प्रयोगाची निरीक्षणं आधीच लिहून दिलेली मी पाहिली आहेत. पण तो दोष स्पर्धेचा नाही, बाजाराचा आहे. खेड्यातल्या मुलाच्या वाटेला ते वर्ग येतच नाहीत, त्यामुळे त्यावरून मी स्पर्धेला मोडीत काढणार नाही.

बाकीच्या स्पर्धांबद्दल थोडक्यात. इन्स्पायर मानकसाठी शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली तर दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. यात फारसा वेळ जात नाही, तेव्हा ते कराच. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन सक्तीचं असतं, त्यात निवडीचा प्रश्न नाही. बालविज्ञान परिषद मला या सगळ्यांत उजवी वाटते, कारण मुलांना गावातलाच प्रश्न घेऊन महिनोनमहिने नोंदी ठेवाव्या लागतात. पण तिला दोन मुलांमागे एक मार्गदर्शक पूर्ण वेळ लागतो, आणि माझ्यासारख्याकडे तो वेळ नसतो.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकलं ती सांगतो. लेखीचा निकाल लागतो. वर्गातली दोन-तीन मुलं पुढच्या फेरीला जातात, कधी एकही नाही. दुसऱ्या दिवसापासून किल्ली मागायला फक्त तीच येतात. कालपर्यंत लिटमसच्या पट्टीवरून भांडणारा मुलगा आज सुट्टीत कबड्डी खेळताना दिसतो. त्याला मी बोलावलं, तर म्हणाला, ‘सर, माझं नाही झालं ना.’ जणू निकालाने प्रयोगशाळेचं दारही बंद झालं. चाळणीचं काम चाळण्याचंच, तिला काय बोलणार? पण मला चाळणीच्या खाली उरलेल्यांनाही शिकवायचं असतं, आणि तेच बहुसंख्य असतात. दुसऱ्या फेरीच्या मुलांना घेऊन मी शहरात गेलो की मागे उरलेला वर्ग ऑफ तासात गणिताच्या वह्या पूर्ण करतो. याचा त्रास दर वर्षी होत गेला, कमी झाला नाही. एखाद्याला ही बाब किरकोळ वाटेल. मला ती वाटेनाशी झाली.

सहलीच्या बाजूने बोलायचं तर आमचं भाग्य असं की जुन्नर तालुका हाताशी आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या आत, बाकीच्या १६ इंग्रजी वायच्या आकारात दूरवर पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. आकडे मुलं विसरतात, विसरू देत. पण तिथे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न दर वेळी तोच येतो: ‘सर, ही तर नुसती जाळी आहे, यातून सगळं निसटून जात नाही का?’ इथे तास सुरू होतो. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी पकडते त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत; जाळीची भोकं त्या मानाने बारीक, म्हणून लहरीच्या लेखी तो अख्खा पत्राच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही वाचला. तरंगलांबीचा धडा मी फळ्यावर बरीच वर्षं शिकवला आहे. जाळीखाली तो जेवढा पटकन समजतो तेवढा वर्गात कधी समजला नाही, असं माझं मत. मोजमाप मी केलेलं नाही.

खोडदहून परतताना बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी थांबतो. नदीने कापलेल्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर दिसतो. सह्याद्रीच्या ज्वालामुखींची आग सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझलेली, मग ही राख आली कुठून? थेट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्याबरोबर. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे काम केलं आहे, आणि थराच्या संगतीने अश्मयुगीन दगडी हत्यारंही मिळाली आहेत. गंमत अशी की या राखेच्या वयावर संशोधकांचं एकमत नाही. काही जण ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची म्हणतात, काही जण तिला लाखो वर्षं मागे नेतात. राखेचं वय बदललं की हत्यारांचंही बदलतं, म्हणजे आपल्या भागात माणूस कधीपासून वावरतोय हा हिशेबच हलतो. ज्याला उत्तरसूची नाही असा प्रश्न मुलांना त्या दरडीपाशी पहिल्यांदा भेटतो. ‘मग बरोबर कोणतं?’ हे मला जानेवारीत विचारलं गेलं आणि मार्चमध्येही. विचारणारी मुलं वर्गातली पहिली-दुसरी नव्हती. त्यांतला एक तर लेखीला नाव न लागल्यावर कबड्डीत रमलेलाच.

निघोजचे रांजणखळगेही याच नदीवर, पण तिथे वेगळ्या दिवशी जा. खळग्यांच्या तळाशी गोटे सापडतात. भोवऱ्यात ते गोलगोल फिरून बेसॉल्ट खडकाला भोक पाडतात, हे सांगावं लागत नाही, मुलं स्वतःच ओळखतात. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेलं असताना मात्र तिकडे फिरकूही नका. कडा गुळगुळीत असतात आणि नववीतलं पोर कडेलाच जातं.

सहलीचे तोटे लपवत नाही. संमतीपत्रं, शिक्षण खात्याची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका, उलट्यांच्या पिशव्या. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात मिळते, तरी दोन-चार घरांना तेही जड जातं; त्यांचे पैसे शिक्षकांनी गुपचूप भरावे लागतात. शिवाय कमिटीतलं कोणीतरी ‘जाता जाता वॉटरपार्क करू’ म्हणतंच. तिथे ठाम राहायला हवं, नाहीतर सहलीच्या अहवालात राख आणि जाळी मिळून एक ओळ येते आणि घसरगुंडीवर दोन पानं. आणि सहलीचं प्रमाणपत्र मिळत नाही. काही पालकांना हे फार खटकतं.

तुमच्या वर्गात एखादं खरोखर भुकेलं मूल असेल, ज्याला शाळेतलं सगळं आधीच येतं, तर त्याला होमी भाभाला जरूर बसवा. फॉर्म भरायला पूर्ण वर्ग लागत नाही. त्या एकट्यासाठी आठवड्याला एक तास प्रयोगशाळा उघडली तरी पुरतं. मात्र शाळेचा निधी आणि वर्गाचे शनिवार एकाच गोष्टीवर खर्चायचे असतील, तर मी सहल निवडतो, आणि माझ्या जागी असाल तर तुम्हीही बहुधा तेच कराल.

ठरवलंत तर खोडदला आधी पत्र देऊन तारीख घ्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, पण गर्दीत मुलं जाळीखाली निवांत उभी राहू शकत नाहीत, म्हणून मी साधा दिवसच मागतो. मोबाइल तिथे बंदच ठेवावे लागतात. आणि बोरीला जाताना कुदळी-खुरपी घेऊ नका. थर उकरायचा नाही, नुसता बघायचा, हे मुलांना बसमध्येच सांगून ठेवा.