मॉन्युमेंट व्हॅलीतील जीपची फेरी: वेस्टर्न चित्रपटांच्या मूळ पडद्यावर अडीच तास

अ‍ॅरिझोना आणि युटा यांच्या सीमेवर, नावाहो या अमेरिकेतील मूलनिवासी जमातीच्या राष्ट्राच्या भूमीत असलेल्या मॉन्युमेंट व्हॅलीत स्थानिक नावाहो वाटाडे बाजूंनी उघड्या जीपमधून पर्यटकांना फिरवतात. ऑक्टोबरमध्ये आम्ही दुपारी चारची, अडीच तासांची फेरी घेतली. सुमारे 27 किलोमीटरचा हा कच्चा रस्ता स्वतःच्या गाडीनेही पार करता येतो. तरीही ज्याचे वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वारांच्या, चित्रपटांवर प्रेम आहे, त्याने वाटाड्यासोबतच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1938 मध्ये येथील व्यापारी हॅरी गोल्डिंग या प्रदेशाची छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला गेले आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा ‘स्टेजकोच’ पडद्यावर आला. फोर्ड येथे पुन्हा पुन्हा का परतले, याचे उत्तर मला त्यांच्या नावाच्या कड्यावर मिळाले. कड्याच्या टोकावर एक नावाहो घोडेस्वार उभा होता आणि मागच्या सुळक्यांपुढे घोड्यासकट तो माणूस गव्हाच्या दाण्याएवढा दिसत होता. जमीन सपाट, तिच्यावर सरळ उभे खडक आणि उरलेले सगळे आभाळ: क्षितिज चौकटीत खाली ठेवले की माणसाचे एकटेपण संवादाशिवाय कळते.

आमच्या वाटाड्याने खडकांची रचनाही नीट समजावली. माथ्यावरचा कठीण थर खालच्या वालुकाश्माला छत्रीसारखा जपतो, वालुकाश्म उभ्या भेगांवर तुटतो म्हणून कडे ताशीव राहतात, आणि पायथ्याचा मऊ शेल (गाळाचा पातळ थरांचा खडक) झिजून उतरता घेर तयार होतो. मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेतून पाहत वाढलेल्या मला उभा सुळका नवा नव्हता. पण तो काळ्या बेसॉल्टचा, आणि येथे लोहाच्या ऑक्साइडमुळे सारे तांबडे. साडेपाचनंतर तिरप्या उन्हात प्रत्येक भेगेत सावली उतरली, तेव्हा रंगीत चित्रीकरणाने या दरीला वेगळेच रूप का दिले ते उमगले. भर दुपारची फेरी म्हणूनच टाळावी.

वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकायलाच हवी. फोर्ड यांच्याच ‘द सर्चर्स’ या चित्रपटाची सुरुवात अंधाऱ्या घराचे दार उघडून बाहेरच्या झगझगीत वाळवंटाकडे होते, पडद्यावर ते 1868 चे टेक्सास आहे, प्रत्यक्षात ही नावाहो भूमी आहे आणि कोमांची या दुसऱ्या जमातीचे म्हणून दिसणारे बरेचसे लोक नावाहोच आहेत. जगाच्या मनात ‘वेस्ट’चा जो चेहरा ठसला, तो या लोकांच्या घराचा आहे, आणि त्यांचे नाव मात्र कथेत नाही. हे त्या घरच्या माणसाकडून ऐकणे मला सर्वांत मोलाचे वाटले.

उणिवा दोन आहेत. जीपचे कापडी छत इतके खाली आहे की बसल्या जागेवरून सुळक्यांचे माथे दिसत नाहीत, आणि फोर्ड यांच्या कड्यावर दहाच मिनिटे मिळाली. तेथे निदान अर्धा तास हवा. कडेची जागा आग्रहाने मागावी, तोंडाला बांधायला रुमाल न्यावा. उन्हाळी वेळ (घड्याळे एक तास पुढे नेण्याची पद्धत) लागू असताना नावाहो भूमीतले घड्याळ उर्वरित अ‍ॅरिझोनापेक्षा एक तास पुढे असते, तेव्हा फिनिक्सहून येणाऱ्यांनी फेरीची वेळ आधीच विचारून घ्यावी.