तळपायाची आग: गोळी की सुई?

रात्री पाठ टेकली की तळपाय पेटतात. पांघरुणाचा नुसता स्पर्शही नको होतो. दिवसभर कामाच्या नादात दबलेल्या मुंग्या, टोचण्या, वीज चमकून जावी तशा कळा सगळ्या एकदम जाग्या होतात. मधुमेहाने नसांना इजा झालेल्या कित्येकांची रोजची रात्र अशीच जाते. गोळ्या सुरू होतात, सकाळी गुंगी उतरत नाही, आणि मग कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचण्याचा उपचार, करून बघायला सांगतं. तुम्ही त्या टप्प्यावर असाल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

गोळी आणि सुई समोरासमोर ठेवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमची तक्रार दुखण्याची आहे की बधिरपणाची? आजार एकच, पण तक्रारी दोन. दुखतं तिथे इजा झालेल्या नसा कारण नसताना धोक्याचे निरोप धाडत राहतात. बधिर जागी निरोप निघतच नाही. सगळ्यात लांब नसा आधी झिजतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. पुष्कळांना दोन्ही एकत्र असतं: पाय आगीसारखा जळतो, पण चालताना चप्पल निसटली तर कळत नाही. गोळी काय किंवा सुई काय, दोघींचा उपयोग दुखण्यापुरता. गेलेली संवेदना गोळीने परत येत नाही, आणि सुईने ती येते असं मानायला पुरेसा आधार नाही. 1998 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 46 मधुमेहींना 10 आठवडे अ‍ॅक्युपंक्चर दिलं. उपचार पूर्ण केलेल्या 44 जणांपैकी 77 टक्के रुग्णांना लक्षणांत चांगला आराम वाटला, पण नसांच्या तपासण्यांत आणि एचबीए1सीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) फरक पडला नाही. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे.

आता पुरावा. गोळ्यांचा मोठा आणि नीट तपासलेला आहे, चमत्काराचा मात्र नाही. ड्युलोक्सेटिनच्या 60 मिलिग्रॅम डोसने साधारण दर 5 जणांमागे एकाला, बिनऔषधी गोळीच्या तुलनेत जास्तीचा, दुखणं निम्म्यावर येण्याइतका आराम मिळतो. प्रीगॅबालिनच्या 600 मिलिग्रॅमने 100 पैकी 41 जणांना तेवढा आराम पडला, पण बिनऔषधी गोळीनेही 28 जणांना पडला! ब्रिटनमधल्या 2022 च्या ऑप्शन-डीएम चाचणीत 130 रुग्णांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी एकाने सुरुवात करून, गरज पडल्यास दुसरं औषध जोडून दिलं. कुठूनही सुरुवात केली तरी दुखण्याचा सरासरी आकडा 10 पैकी 6.6 वरून 3.3 वर आला. म्हणजे कोणती गोळी, हे ताकदीपेक्षा तुम्हाला कोणते दुष्परिणाम झेपतील यावर ठरवावं.

सुईच्या बाजूला कोरियातली 2018 ची चाचणी ठेवता येईल. 126 रुग्ण, सुयांमधून सौम्य वीज सोडणारं इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, 8 आठवड्यांत 16 बैठका. सुई घेणाऱ्यांचं दुखणं सुमारे 20 टक्क्यांनी घटलं, न घेणाऱ्यांचं सुमारे 9 टक्क्यांनी. दुखणं निम्म्यावर आलं ते सुईवाल्यांपैकी 100 मागे 15-16 जणांचं, इतरांपैकी 6 जणांचं. इथे एक मेख आहे. दुसऱ्या गटाला नकली सुईसुद्धा दिलेली नव्हती. आपल्याला उपचार मिळतोय, कुणीतरी अर्धा तास आपल्या पायांकडे लक्ष देतंय, याचाही आराम पडतो, आणि तो यात वेगळा काढता येत नाही. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे 6 अभ्यास आणि 462 रुग्ण तपासून कॉक्रेन आढाव्याने (उपचारांचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा आढावा) 2017 मध्ये निष्कर्ष काढला की अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने किंवा विरोधात ठाम बोलण्याइतका पुरावा नाही. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे थेट शेजारी मांडू नयेत हे मान्य. तरीही वरच्या 28 (बिनऔषधी गोळी) आणि 16 (सुई) या आकड्यांकडे पाहिलं की सुईला गोळीच्या बरोबरीने बसवायला माझं मन धजत नाही.

मग सुई हवीच कशाला? कारण गोळ्या प्रत्येकाला सोसत नाहीत. प्रीगॅबालिनने गरगरतं, वजन वाढतं, पायांवर सूज येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. ड्युलोक्सेटिनने मळमळ होते, आणि यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर ते टाळतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री झोप देतं, पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं हेही देतं. हृदयाची लय बिघडलेल्यांना आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना ते चालत नाही. तोल सांभाळताना आधीच कसरत करणाऱ्या वयस्कर माणसाला गुंगीची गोळी म्हणजे पडण्याची भीती. अशांसाठी सुई आजमावून पाहणं मला रास्त वाटतं. उलट दुखण्यासोबत मनही खचलेलं असेल तर ड्युलोक्सेटिन दोन्हींवर काम करतं, तिथे आधी त्याचा विचार व्हावा.

पण मधुमेही पायात सुई टोचणं आणि धडधाकट माणसाच्या खांद्यात टोचणं यात मोठा फरक आहे. या आजारात बोटांच्या बेचक्यांतले बिंदू वापरण्याची पद्धत आहे, आणि नेमकं तिथेच रक्त कमी पोचतं, जखम उशिरा भरते, चिघळली तरी जाणवत नाही. पायावर जखम, भेग, लाली किंवा सूज असेल, पाय गार पडत असेल, तर पावलाला सुई लावू देऊ नका. हाताचे आणि पोटरीचेही बिंदू असतात, ते वापरा म्हणून सांगा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. सुईपेक्षाही मला धास्ती वाटते ती शेकाची. काही ठिकाणी सुयांबरोबर गरम दिवा लावतात किंवा जळती औषधी कांडी पायाजवळ धरतात. बधिर पायाला चटका कळत नाही आणि फोड घरी गेल्यावर दिसतो. शेकाला सरळ नाही म्हणा. आणि सुयांनी साखर बरी होईल, इन्सुलिन थांबवा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

दुखत नसेल, नुसताच बधिरपणा असेल, तर या तुलनेत तुम्हाला काही निवडायचं नाही. तुमचा वेळ रोज तळपाय बघण्यात, अनवाणी न चालण्यात आणि मऊ, ऐसपैस पादत्राणांत घाला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 तपासून घ्या, त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. नसांची झीज पुढे जाऊ नये यासाठी साखर आटोक्यात ठेवण्याला पर्याय नाही. टाइप 1 मध्ये काटेकोर नियंत्रणाने न्यूरोपॅथीचा, म्हणजे नसांच्या याच इजेचा, धोका सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचं 1993 च्या डीसीसीटी अभ्यासात दिसलं. टाइप 2 मध्ये फायदा त्याहून कमी, म्हणून तिथे रक्तदाब, वजन, रक्तातली चरबी आणि तंबाखू यांकडेही बघावं लागतं.

सुई आजमावायची ठरवलीत तर गोळ्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्याने त्रास होतो. त्या चालू ठेवूनच सुई घ्या. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री दुखण्याला 0 ते 10 मधला आकडा द्या आणि लिहून ठेवा. आठवड्याला एक-दोन बैठका धरून आठ आठवड्यांनी वही उघडा. सरासरी तिसऱ्या हिश्शाने तरी उतरली असेल तर पुढे चालू ठेवा आणि गोळी कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. उतरली नसेल तर थांबा.

आणि आकडा खाली आला तर त्याच भेटीत 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू) तळपायाची संवेदना तपासून घ्या. नसा आणखी झिजल्या तरीही दुखणं ओसरतं, आणि आतून ते अगदी आराम पडल्यासारखंच वाटतं.