गेमप्लेवर ॲड लावावी का नाही? दोन्हीकडं राहून बघितलं, आता सांगतो

परवा सेलूहून मामाच्या पोराचा फोन आला. यूट्यूबवर तो गेमप्ले, म्हणजे गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकतो. हजार सबस्क्रायबर झाले, लोकांनी बघितलेले 4000 तासपण भरत आलेत, मग दादा आता ॲडसाठी अर्ज करू का राहू देऊ, गेम तर आपला नाही, त्याच्यावर पैसे घेणं बरोबर हाय का म्हणे. हाच प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी पडला होता आणि मी दोन्ही बाजूला राहिलोय, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

आधी ॲड न घेण्याची बाजू, कारण दीड वर्ष मी तिकडंच होतो आणि मनापासून होतो. चित्रं त्यांची, म्युझिक त्यांचं, कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं राबून बनवलेलं, मी परभणीत बसून खेळणार अन् मराठीत बोलणार, त्याचे पैसे कशाचे? शिवाय डोक्याला शांतता. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला तरच मधे ॲड टाकता येते, म्हणून लोक उगं ताणत बसतात, माझा सहा मिनिटांत संपला तर संपला. कथेच्या गेमबद्दल तर हे म्हणणं मला आजही पटतं. 2016 साली 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' नावाचा गेम आला, एका बापानं स्वतःच्या लेकराच्या कॅन्सरवर बनवलेला. पुष्कळ लोकांनी तो व्हिडिओवरच पूर्ण बघून घेतला आणि त्याचा विक्रीला फटका बसला, असं बनवणाऱ्यांनीच लिहिलं होतं. असा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवून वर ॲड घ्यायला माझा हात होत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली टीका-समीक्षेसाठी रास्त वापराला सूट आहे, पण अख्खा गेम दाखवणं त्यात बसेल असं मला तरी वाटत नाही.

मग मी बाजू का बदलली? जिंतूरचे काका. मी घरात, पाहुण्यात, सगळीकडं अभिमानानं सांगायचो की माझ्या व्हिडिओवर ॲड नसते, मी एक रुपया घेत नाही. एका लग्नात काकांनी माझ्यासमोर मोबाइल काढला, माझा व्हिडिओ लावला, अन् आधी फरशीची ॲड सुरू झाली. काका म्हणाले, "आरं, ॲड तर यायली की!" मला खोटं पडल्यासारखं झालं, चार माणसांत. घरी येऊन अटी वाचत बसलो तेव्हा कळलं की मी अर्ज केला नाही म्हणून ॲड थांबत नसते. ज्याच्यासाठी अर्ज करतात त्या कमाईच्या पार्टनर प्रोग्रामात नसलेल्या चॅनेलवरही यूट्यूब ॲड दाखवू शकतं, त्यातलं चॅनेलवाल्याला काही मिळत नाही आणि गेम बनवणाऱ्यालाही ते आपोआप जात नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी हात आखडून बसलो होतो त्याला काहीच पोचत नव्हतं, बघणाऱ्याला ॲड बघावीच लागत होती, आणि मी रात्री लाइट आल्यावर एडिटिंग करायचो. हे मला फार लागलं, दुसरं कोणतंही कारण एवढं लागलं नाही.

आमच्याकडं रान बटईनं करतात. रान एकाचं, राबणं दुसऱ्याचं, माल निघाल्यावर वाटा. मला गेमप्लेचं तसंच वाटायला लागलं, फक्त मालकाची परवानगी पायजे. ती बऱ्याच ठिकाणी लेखी आहे. माइनक्राफ्ट गेमवाले व्हिडिओवर कमवू देतात, अट एवढीच की आपलं स्वतःचं काही त्यात असावं. निंटेंडो या जपानी गेम कंपनीनं 2013 मध्ये लोकांच्या व्हिडिओवरची ॲडची कमाई स्वतःकडं वळवायला सुरुवात केली, 2015 ला वाटणीची योजना काढली ज्यात व्हिडिओ बनवणाऱ्याला व्हिडिओमागं 60 टक्के आणि पूर्ण चॅनेल नोंदवलं तर 70 टक्के मिळायचे, 2018 च्या शेवटी तीही बंद करून सरळ नियम लिहिले की स्वतःची कल्पकता, कॉमेंट्री असेल तर ठरलेल्या मार्गानं कमवा. एवढी मोठी कंपनी पाच-सहा वर्षांत इथवर आली, मग आपण किती संकोच करायचा?

कोणी म्हणेल ॲड नको, बघणाऱ्यांकडून थेट घे. ते पण केलं, स्ट्रीमवर क्यूआर लावला. माझे बघणारे बहुतेक लातूरला नीटची तयारी करणारी पोरं, मेसचं जेवण, खोलीवर तिघं. त्यातलं कोणी "दादा भारी खेळलास" लिहून वीस रुपये पाठवलं की मला आनंद कमी अन् ओझं जास्त वाटायचं. शहरातल्या, कमावत्या बघणाऱ्यांचं वेगळं असेल, त्यांच्यासाठी मेंबरशिप चांगली चालतही असेल. मला मात्र त्या पोरांच्या खिशापेक्षा फरशीवाल्याचा पैसा बरा वाटला.

ॲडच्या बाजूचा त्रास लपवत नाही. एकदा गेममधल्या गाडीच्या रेडिओवरचं गाणं मागं राहून गेलं अन् चाळीस मिनिटांच्या व्हिडिओवर क्लेम आला, म्हणजे गाणं आमचं हाय असा मालकाचा कॉपीराइटचा दावा. डिस्प्यूट, म्हणजे त्याच्यावर हरकत, टाकली तर समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, तोवर व्हिडिओ जुना होऊन जातो. म्हणून आता आधी सेटिंगमध्ये म्युझिक बंद. आणि एकाच गेमवर चॅनेल उभं केलं तर ॲडची कमाई एका रात्रीत जाऊ शकते. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइल गेम, जुलै 2022 मध्ये ॲप स्टोअरवरून काढला गेला तो मे 2023 ला परत आला, मधल्या काळात त्याच्यावर बसलेल्या पोरांचे लै हाल झाले.

मोजमाप मी काही केलं नाही, पण ॲड सुरू केल्यावरही कॉमेंटमध्ये तीच ओळखीची नावं दिसतात, अन् महिन्याचं नेट अन् लाइटबिल निघतं. तुमचं मन खरंच मानत नसेल तर नका घेऊ, ते पण चूक नाही. मामाच्या पोराला मी म्हणलं, अर्ज कर, पण आधी ज्या गेमवर बोलायलास त्या कंपनीचं व्हिडिओबद्दलचं पान पूर्ण वाच, कथेचा गेम असला तर शेवट दाखवू नको, आणि मुकाट्यानं खेळू नको, बोल, आपल्या परभणीच्या भाषेत बोल. त्यानं काल त्यानंतरचा पहिला व्हिडिओ पाठवलाय तपासायला, रेडिओ चालूच होता, बंद करून परत रेकॉर्ड कर म्हणून सांगितलंय.