गॅरेजचं बिल की नव्या गाडीचा हप्ता?

गॅरेजवाल्याने ७० हजारांचं एस्टिमेट दिलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अहो, गाडी विकून लाखभरही येणार नाहीत, तिच्यावर ७० हजार घालायचे?" प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात ताडून पाहिलेले दोन आकडे एकमेकांचे नाहीत. गाडी विकायचीच नसेल, तर तिच्या बाजारभावाचा दुरुस्तीच्या बिलाशी फारसा संबंध नाही. ताडून पाहायचं ते हे: हीच गाडी दुरुस्त करून पुढची तीन वर्षं चालवली तर किती जातात आणि बदलली तर त्याच तीन वर्षांत किती जातात. आणि या हिशेबाच्याही आधी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे गाडीचा पत्रा.

आधी पत्रा, मग इंजिन

आमच्या नात्यात एकाच वर्षीच्या, २०१२ च्या, दोन पेट्रोल वॅगन आर आहेत. एक मामांची साताऱ्यात, दुसरी मावशीची रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मावशीच्या गाडीचं इंजिन आजही अर्ध्या सेल्फवर उठतं, ऑइल खात नाही, धूर नाही. मामांची गाडी मात्र क्लच, सस्पेन्शन, एसी सगळं घेऊन गॅरेजला बसली होती. वरवर पाहता बदलायची ती मामांची. प्रत्यक्षात मामांनी दुरुस्त केली आणि मावशीने गाडी काढून टाकली, आणि दोघांचंही बरोबर होतं.

मावशीच्या गाडीतलं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट मेकॅनिकने उचललं, तर खालचा फेल्ट ओला होता. फेल्ट बाजूला करून त्याने पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि हाताने नुसता दाबला. तो आरपार गेला आणि खाली कोबा दिसला. मग त्याने दारांची रबर बीडिंग सोडवली. आतल्या सिलच्या, म्हणजे दाराखालच्या आडव्या पट्टीच्या, पत्र्याचे पापुद्रे हातात आले. बाहेरून रंगावर दोन-चार फुगे होते, बाकी गाडी चकचकीत होती.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. बॉडी हीच चॅसिस. सिल, फ्लोअर आणि बॉनेटखाली ज्या बुरुजांना पुढचे शॉकअप बसतात ते बुरुज, यांवर गाडीचा भार असतो आणि अपघातात धक्काही तेच घेतात. इंजिन खोलून पुन्हा नीट करता येतं. क्लच नवा येतो, गिअर बॉक्सही मिळतो. पण भार घेणारा पत्रा सडला की पॅच मारून वर काळं कोटिंग फासलेली गाडी दिसायला ठीक होते, धक्का घ्यायला नाही. म्हणून कोकणातल्या, मुंबईतल्या किंवा पुराच्या पाण्यात उभी राहिलेल्या गाडीवर मोठा खर्च करण्याआधी ती रॅम्पवर चढवून खालून पाहाच. सिल, फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा आणि शॉकअपचे बुरुज. दार किंवा फेंडर कुजला असेल तर तो बदलता येतो, त्याची भीती नको. बुरुज किंवा सिल गेलं असेल, तर पुढचा हिशेब वाचायची गरजच नाही. गाडी बदला.

एस्टिमेटचे दोन भाग करा

पत्रा धड असेल तर एस्टिमेट हातात घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहा: हे झिजलंय की बिघडलंय? टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअप ही झिजेची कामं. नव्या गाडीतही ती कधी ना कधी निघतातच, आणि एकदा केली की काही वर्षं बघावं लागत नाही. मामांच्या एस्टिमेटमधला बराच मोठा भाग या प्रकारचा होता. असा खर्च म्हातारपणाचा नसतो, साठून राहिलेल्या देखभालीचा असतो.

बिघाडाची कामं वेगळी. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या सीलचा, संशय घ्यायचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते. (थंडीत फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती थोडी दिसते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नये.) इंजिनचं फुल काम करायला "हो" म्हणण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते पाहणारी चाचणी, करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून मागा. सगळे जवळपास सारखे असतील आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खाली नसतील तर इंजिनमध्ये दम आहे. एखादाच खूप खाली असेल तर दोष तिथेच शोधता येतो आणि कधी कधी नुसत्या हेडच्या कामावर भागतं.

डिझेलचं गणित जास्त कठोर आहे. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि टर्बो यांपैकी दोन गोष्टी एकदम निघाल्या की बिल पेट्रोल गाडीच्या कितीतरी पुढे जातं. शिवाय पार्टचा प्रश्न. मारुती, ह्युंदाई, टाटाचे पार्ट तालुक्यालाही मिळतात. शेव्हरोलेची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. या गाड्या दणकट असल्या तरी एखाद्या सेन्सरसाठी गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उभी राहील का, हे आधी विचारून घ्यावं.

तीन वर्षांचा हिशेब

आता आकडे. हे मी नमुन्यादाखल धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. गाडी वर्षाला ७ हजार किलोमीटर चालते आणि आहे त्या अवस्थेत विकली तर ८० हजार येतात, असं समजू.

ठेवली तर: दुरुस्ती ७० हजार. नंतरची वरखर्चाची कामं वर्षाला २० हजार, म्हणजे ६० हजार. तीन वर्षांचा विमा १८ हजार. पासिंग (आरटीओत गाडीची नोंदणी वाढवणं) आणि त्याभोवतीचा खर्च १० हजार. जुनी १५ चं अॅव्हरेज देते आणि नवी २१ चं देईल, पेट्रोल १०४ रुपये लिटर, तर जादा पेट्रोल वर्षाला साधारण १४ हजारांचं, तीन वर्षांत ४२ हजार. गाडीची किंमत ८० वरून ५० हजारांवर आली, ते ३० हजार. सगळे मिळून २ लाख ३० हजार.

बदलली तर: ऑन रोड ७ लाखांची गाडी, त्यात साडेपाच लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता ११,४०० च्या आसपास. पहिल्या तीन वर्षांत हप्त्यांतून नुसतं व्याजच १ लाख ११ हजार जातं. गाडीची किंमत ४० टक्क्यांनी उतरली धरली तर २ लाख ८० हजार. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ३८ हजार. एकूण जवळपास ४ लाख ३० हजार.

फरक २ लाखांचा, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. माझ्या मते प्रश्न इथे खरा सुरू होतो: महिन्याला साडेपाच हजार देऊन मिळणारी निश्चिंती तुमच्या घराला हवी आहे का? गाडी आठवड्यातून दोनदा बाजारात आणि महिन्यातून एकदा गावी जात असेल, तर मी जुनीच ठेवीन. रोज ५० किलोमीटर ये-जा असेल तर वर्षाला १५-१८ हजार किलोमीटर होतात, पेट्रोलचा फरकच वर्षाला ३५ हजारांपर्यंत जातो, देखभालही वाढते आणि तराजू नव्याकडे झुकू लागतो. तिथे सीएनजीचा पर्याय आला तर आणखीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी "परवडत नाही" म्हणून सोडलेला हिशेब पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे.

इथेनॉलचा मुद्दा हल्ली प्रत्येक गॅरेजमध्ये निघतो. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. केवळ त्यासाठी गाडी काढून टाकू नका. मोठ्या कामासाठी गाडी उघडलीच आहे, तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील तेवढे तपासून, लागल्यास बदलून घ्या.

पंधरा वर्षांचं काय?

"पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते" हा समज महाराष्ट्रापुरता खरा नाही. दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्यांमुळे तो पसरला. इथे खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पंधरा वर्षांनी संपतं आणि आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येतं. २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये आहे, वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ती फी १० हजार झाली. मुदत टळली की महिन्याला ५०० रुपये दंड चढतो. मोठी दुरुस्ती आणि पासिंग एकाच सुमारास येत असेल, तर दोन्ही एकत्र विचारात घ्या. पासिंगच्या चार महिने आधी ७० हजार घालायचे आणि मग आरसी न वाढवता गाडी काढायची, हा सगळ्यात महागडा मार्ग.

सुरक्षेचा मुद्दा

वरच्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची त्यानंतर. म्हणजे २०१२ च्या खालच्या व्हेरिएंटमध्ये बहुधा यातलं काहीच नाही, आणि कोणतंही गॅरेज ते नंतर बसवून देऊ शकत नाही. गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीसाठी मी हे चालवून घेईन. दर शनिवारी मुलांना घेऊन एक्स्प्रेस वेवर किंवा पावसाळ्यात कुंभार्ली, आंबा घाटात उतरणाऱ्या गाडीसाठी नाही. तिथे दुरुस्ती कितीही स्वस्त पडली तरी गाडी बदलावी.

नवीच हवी असंही नाही. चार-पाच वर्षांची, २०२० नंतरची सेकंडहँड गाडी घेतली तर किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, आणि एबीएस, एअरबॅग, कमी धूर सोडणारं बीएस-६ इंजिन सगळं मिळतं. अडचण एकच. तुमच्या जुन्या गाडीचा प्रत्येक आजार तुम्हाला माहीत आहे, या गाडीचा माहीत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नंबरावरून सर्व्हिस हिस्टरी काढा आणि तुमचाच मेकॅनिक सोबत न्या.

काढायचीच ठरली तर

विकण्याआधी मोठी दुरुस्ती करू नका, घातलेले पैसे भावात परत येत नाहीत. क्लेम न केल्याने साठलेला नो क्लेम बोनस, जो ५० टक्क्यांपर्यंत असतो, तो गाडीचा नसून तुमचा आहे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या प्रीमियममध्ये तो मिळतो. एक्स्चेंज करणारा शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असं नाही.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, चावी देऊन मोकळे होऊ नका. आरसीवर दुसऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, आणि त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारी येते. मावशीच्या गाडीसारखी सडलेली गाडी तर विकूच नये. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये त्यावर सवलत असते. खासगी गाड्यांना २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. आपल्याकडे सध्या नेमकी किती लागू होते, ते बुकिंगच्या आधी आरटीओत विचारा, कारण टॅक्स भरून झाल्यावर ते सर्टिफिकेट दाखवून उपयोग नसतो.